डिमेन्शियाचं प्रशिक्षण कायद्याने आणता येतं का? अमेरिकेतलं ‘अ‍ॅडॅप्ट’ विधेयक, मॅसॅच्युसेट्सची अट आणि आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३१

पाणवठा (धागाकर्ता)

इथे अमेरिकेच्या आरोग्यसेवेत काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा विषय काढतोय. ‘अ‍ॅडॅप्ट’ या लघुनावाचं विधेयक अमेरिकी संसदेत, म्हणजे ११८ व्या काँग्रेसमध्ये (२०२३-२४) मांडलं गेलं, मुदत संपल्यावर आपोआप बाद झालं आणि ११९ व्या काँग्रेसमध्ये पुन्हा आलं. फॅमिली डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर आणि लहान गावांतली क्लिनिकं यांना डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाणं) ओळखणं आणि सांभाळणं जमावं म्हणून प्रशिक्षण वाढवायचं, हा त्याचा गाभा. यासाठी नवीन खातं उघडायचं नाहीये. पब्लिक हेल्थ सर्व्हिस अ‍ॅक्टमध्ये ३३०-एन हे कलम आधीच आहे आणि त्याखाली ‘प्रोजेक्ट एको’ पद्धतीच्या दूरस्थ प्रशिक्षणाला अनुदान देता येतं. त्याच चौकटीत अल्झायमर आणि डिमेन्शियासाठी वेगळी वाट काढायची आहे.

एकोची पार्श्वभूमी थोडक्यात. २००३ साली न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डॉ. संजीव अरोरा यांनी हेपॅटायटिस सी साठी ही पद्धत सुरू केली. विद्यापीठाच्या गावच्या, अल्बुकर्कीच्या तज्ज्ञाकडे नंबर लागायला महिने जायचे, तर गावच्या डॉक्टरलाच दर आठवड्याला व्हिडिओवर तयार करायचं. २०११ मध्ये निकाल छापून आले. रुग्ण ४०७. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले, एकोतून शिकलेल्यांकडे (यात तुरुंगही होते) ५८.२ टक्के. म्हणजे गावात उपचार घेऊन काही बिघडलं नाही.

२०१६ चा एको कायदा मात्र फक्त अभ्यास करून अहवाल द्या एवढंच सांगणारा होता. अनुदानाचं कलम डिसेंबर २०२० च्या मोठ्या खर्च विधेयकातून आलं, २०२२ ते २०२६ या आर्थिक वर्षांसाठी दरवर्षी १ कोटी डॉलरची मर्यादा घालून. ही मर्यादा सगळ्या आजारांना मिळून आहे. शिवाय कायद्यात लिहिलेली रक्कम ही परवानगी असते, तिजोरीतून पैसा सुटायला दरवर्षीचं वाटपाचं विधेयक लागतं. बातमी वाचताना हा फरक सुटला की ‘इतके डॉलर मंजूर’ असा गैरसमज होतो.

यातून जमिनीवर काय बदलतं, याबद्दल जाणकारांनी लिहावं.

कोकणकडा

चांगला धागा. एक मूलभूत शंका. एको म्हणजे शेवटी झूमवरचं लेक्चरच ना? कोविडनंतर वेबिनारांचा इतका कंटाळा आलाय की ‘प्रशिक्षण’ म्हटलं की लोक कॅमेरा बंद करून जेवायला बसतात.

रानजाई

कोकणकडा, लेक्चर त्यातला लहान भाग असतो. साधारण एका तासाचं सत्र असं चालतं. सुरुवातीची ५ मिनिटं ओळख. मग १५ ते २० मिनिटं एकच नेमका विषय, उदाहरणार्थ ‘संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता’. उरलेला वेळ केस. सहभागी क्लिनिकपैकी एक जण आधी फॉर्म भरून पाठवतो. त्यात नाव, जन्मतारीख, गाव काही नसतं. वय, शिक्षण, काय बदललं आणि कधीपासून, औषधांची पूर्ण यादी, तपासण्या, घरी कोण आहे आणि मुख्य प्रश्न एवढंच. केस ५ ते ७ मिनिटांत मांडायची. मग आधी शंका विचारायच्या, नंतर इतर क्लिनिकवाल्यांनी सूचना द्यायच्या आणि तज्ज्ञांनी सर्वांत शेवटी बोलायचं. हा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. तज्ज्ञ पहिल्यांदा बोलले की बाकीचे गप्प बसतात आणि तासाचं खरंच लेक्चर होतं.

तज्ज्ञांच्या बाजूला एकटा न्यूरॉलॉजिस्ट असून भागत नाही. जेरियाट्रिशियन (वृद्धांचे डॉक्टर), मानसोपचारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, नर्स, सोशल वर्कर हवेतच. डिमेन्शियाचे निम्मे प्रश्न ‘गाडीची किल्ली कशी काढून घ्यायची’ आणि ‘रात्री दार उघडून निघून जातात’ असे असतात, त्यांना एमआरआय उत्तर देत नाही. सूचना नंतर लेखी जातात. रुग्णाची जबाबदारी मूळ डॉक्टरचीच राहते, तज्ज्ञ फक्त सल्ला देतात.

मोडतं कुठे तेही सांगते. केस आल्याच नाहीत तर उपक्रम मरतो, आणि त्या येत नाहीत कारण फॉर्म भरायला वेळ नसतो. म्हणून हबकडे (सत्रं चालवणाऱ्या केंद्राकडे) पगारी समन्वयक लागतो, फोन करून केस मिळवणारा. अनुदानाचा बराच पैसा या माणसावर जातो आणि तो तिथेच जायला हवा. अल्झायमर्स असोसिएशन २०१८ पासून डिमेन्शियासाठी एकोची सत्रं चालवते आहे. मात्र हेपॅटायटिस सी इतका भक्कम पुरावा इथे नाही. तिथे विषाणू गेला की नाही हे रक्त सांगतं. इथले बरेचसे अभ्यास ‘डॉक्टरचा आत्मविश्वास वाढला’ इथेच थांबतात.

टळटळीत_दुपार

आत्मविश्वास वाढलेला डॉक्टर ही नेहमीच चांगली बातमी नसते :)

बिनधास्त_बोरी

अनुदानाने जे स्वतःहून येतात तेच येतात. ज्याला गरज आहे तो येत नाही. म्हणून मॅसॅच्युसेट्सने दुसरा रस्ता घेतला. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथला कायदा झाला, त्या वर्षीचं २२० वं प्रकरण. प्रौढ रुग्ण पाहणारे डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट आणि नर्स यांना परवान्याची अट म्हणून डिमेन्शियाचं निदान, उपचार आणि काळजी यावर एकदा प्रशिक्षण घ्यावंच लागतं. शिवाय निदान झालं की, रुग्णाची संमती असेल तर, कुटुंबातल्या व्यक्तीला किंवा कायदेशीर प्रतिनिधीला ते सांगणं आणि पुढचा आराखडा समजावणं. आणि रुग्णालयांनी डिमेन्शिया व डिलिरियमचे (आजारपणात अचानक येणाऱ्या तीव्र गोंधळाचे) रुग्ण ओळखण्याचा आणि सांभाळण्याचा आराखडा १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत लागू करणं.

माझ्या मते यातलं सर्वांत कामाचं कलम शेवटचं. ‘एकदा’ हा शब्द आला की डॉक्टरचं प्रशिक्षण तिथेच संपतं, कारण तासांचा आकडा कायद्यात नाही आणि एखादा ऑनलाइन कोर्स संपवला की खूण होते. रुग्णालयाच्या आराखड्याला मात्र वॉर्डात काहीतरी दाखवावं लागतं. दाखल करताना ४एटी सारखी दोन मिनिटांची चाचणी (४ किंवा जास्त गुण आले तर डिलिरियमची शक्यता), चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी, लघवीची नळी कारण नसेल तर त्याच दिवशी काढणं, झोपेसाठी डायफेनहायड्रामिन (गुंगी आणणारं अॅलर्जीचं औषध) न देणं. हे तपासता येतं.

शमीवृक्ष

बिनधास्त_बोरी, तुमच्याशी अर्धा सहमत. कायद्यात तास लिहा किंवा लिहू नका, त्या तासांत काय शिकवतात ते बघा. बहुतेक कोर्स ‘अमायलॉइड म्हणजे काय’ इथून सुरू होतात आणि वेळ तिथेच संपतो. फॅमिली डॉक्टरला लागतं ते वेगळं.

पहिलं, औषधांची यादी. डोनेपेझिल (डिमेन्शियाचं नेहमीचं औषध) सुरू केलं की काहींना लघवी आवरत नाही. ती थांबवायला कोणीतरी ऑक्सिब्युटिनिन लिहितं. एक औषध स्मृतीला लागणारं मेंदूतलं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतं, दुसरं त्याचीच वाट अडवतं. रुग्ण आणखी गोंधळतो आणि सगळे म्हणतात ‘आजार वाढला’. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ट्रायहेक्सीफेनिडिल आणि दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘पीएम’ लिहिलेल्या झोपेच्या गोळ्या याच जातीच्या. औषधांच्या बाटल्या पिशवीत भरून आणायला सांगा, यादीवर विश्वास ठेवू नका.

दुसरं, सुधारता येणारी कारणं. बी१२, टीएसएच, सीबीसी, कॅल्शियम, सोडियम, क्रिएटिनिन, साखर आणि मेंदूचा एक सीटी किंवा एमआरआय. नैराश्य आणि ऐकू न येणं यांची चौकशी वेगळी. आपल्या शाकाहारी ज्येष्ठांत बी१२ कमी असणं नेहमीचं, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन असेल तर अधिकच.

तिसरं, डोस आणि नाडी. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम, ४ ते ६ आठवड्यांनी १०. त्याआधी नाडी मोजा. बीटा ब्लॉकरवर (नाडी मंदावणाऱ्या हृदयाच्या गोळीवर) असलेल्या माणसाची नाडी ५० वर आली, तो पडला आणि खुबा मोडला, तर गोळीने काय साधलं?

चौथं, अँटिसायकोटिक (भ्रम-भास आणि आक्रमकता शमवायला देतात ती औषधं). डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो हा काळ्या चौकटीतला इशारा नव्या औषधांवर २००५ पासून आणि जुन्यांवर २००८ पासून आहे. डिमेन्शियाच्या लुई बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकने माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. हे माहीत नसलेला डॉक्टर इमर्जन्सीत नेमकं तेच इंजेक्शन देतो.

आणि आता नवीन भर. मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन हटवणाऱ्या लेकानेमॅबला जुलै २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. दोन्ही सुरुवातीच्या टप्प्यासाठीच. निदानाला दोन वर्षं उशीर झाला तर दार बंद. मेंदूत सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो का हे पाहायला ठरावीक अंतराने एमआरआय लागतात आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर बहुधा नकारच. हे पहिल्या भेटीत घरच्यांना कोण सांगणार? फॅमिली डॉक्टरच.

रानजाई

शमीवृक्ष, +१. पिशवीचा मुद्दा अगदी.

गोकर्ण_नर्स

चर्चा डॉक्टरांभोवतीच फिरतेय. दिवसाचे आठ तास रुग्णाजवळ असते ती नर्स एड (अंघोळ, जेवण यांत मदत करणारी). तिच्यासाठी केंद्राचा कायदा १९८७ पासून आहे: नर्सिंग होममध्ये काम करायला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, त्यात १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि पुढे दरवर्षी किमान १२ तास. २०१० च्या आरोग्य कायद्याने त्यात डिमेन्शिया आणि छळ रोखणं हे विषय घातले. असिस्टेड लिव्हिंगला (मदतीसह राहायच्या निवासांना) हा नियम लागू नाही, तिथे प्रत्येक राज्याचं आपलं आपलं. घरी रोखीने ठेवलेल्या बाईंना तर कोणताच नाही. आई-वडिलांसाठी जागा बघणाऱ्यांनी हे आधी विचारावं: प्रशिक्षण किती तासांचं, रात्रपाळीलाही होतं का, आणि त्या वेळेचा पगार देता का.

तास असूनही फसतं कशाने? माणसं टिकत नाहीत आणि विषय फळ्यावर शिकवला जातो. अंघोळीचंच घ्या. ‘मारामारी करतात’ अशी नोंद होते आणि गोळी सुरू होते. शिकवायचं असतं ते असं. खोली आधी गरम करा. पूर्ण कपडे एकदम काढू नका, गरम टॉवेल अंगावर ठेवूनच एकेक भाग पुसा. सुरुवात पायांपासून, चेहरा आणि केस शेवटी. वरच्या शॉवरची धार तोंडावर आली की भीती वाटते, म्हणून हातातला शॉवर, तोही आधी त्यांच्या तळहातावर. करण्याआधी एकेका वाक्यात सांगा. नाही म्हणाले तर वीस मिनिटांनी पुन्हा या. आपल्या आजीला अनोळखी पुरुष एड अंघोळ घालायला आला तर ती हात उगारणारच, त्यासाठी निदान कशाला हवं? हे बिछान्याशी उभं राहून एका माणसाने दुसऱ्याला दाखवावं लागतं. व्हिडिओ बघून सही करून जमत नाही.

पाणवठा (धागाकर्ता)

गोकर्ण_नर्स, फार नेमकं लिहिलंत. प्रशिक्षणाने फरक पडला की नाही हे मोजायचं कसं? अँटिसायकोटिकचं प्रमाण हा निकष चालेल का?

बिनधास्त_बोरी

चालतो, पण वाकवला जातो. नर्सिंग होममध्ये दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी किती टक्क्यांना अँटिसायकोटिक दिलं जातं हा आकडा मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) जाहीर करतं. २०१२ पासून तो खाली आणायची मोहीम आहे. पण स्किझोफ्रेनिया, हंटिंग्टन आणि टुरेट असलेले रुग्ण त्यातून वगळतात. झालं काय, की ऐंशीच्या घरातल्या माणसांना अचानक स्किझोफ्रेनिया ‘होऊ’ लागला. २०२३ पासून मेडिकेअर अशा नोंदींचं ऑडिट करतं. शिवाय काही ठिकाणी अँटिसायकोटिक कमी करून मिरगीची औषधं वाढवली. निकष एकच ठेवला की असं होतं. औषध, पडण्याच्या घटना, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं एकत्र बघावं लागतं.

कोकणकडा

आणि वेळेचं काय? पंधरा मिनिटांच्या भेटीत प्रशिक्षित डॉक्टर तरी काय करणार?

शमीवृक्ष

त्याचा बिलिंग कोड (मेडिकेअरकडे पैसे मागायचा क्रमांक) आहे, वापरला कमी जातो. ९९४८३. २०१८ पासून या क्रमांकाने. साधारण ६० मिनिटांची भेट: स्मृती आणि रोजच्या कामांची तपासणी, आजाराचा टप्पा, औषधांची छाननी, वागणुकीतले बदल, घरातली आणि गाडीची सुरक्षितता, काळजी घेणाऱ्याची क्षमता, पुढच्या इच्छांची नोंद, आणि लेखी आराखडा. रुग्णाखेरीज माहिती देणारी दुसरी व्यक्ती हवीच. १८० दिवसांत एकदा बिल करता येतं. लेखी आराखडा घरच्यांच्या हातात दिला नाही किंवा टप्पा नोंदवला नाही म्हणून बिलं अडकतात. बरंचसं काम नर्स आणि सोशल वर्कर आधी करून ठेवू शकतात, हे प्रशिक्षणात सांगितलं जात नाही. विधेयकावर मत पाठवणार असाल तर मी हीच ओळ पाठवेन: वैद्यकीय ज्ञानासोबत बिलिंग आणि कामाची वाटणीही शिकवा.

सांजवात_न्यूजर्सी

याला जोडून ‘गाईड’ची माहिती. १ जुलै २०२४ पासून मेडिकेअरचा ८ वर्षांचा प्रयोग. काळजीचं नियोजन करणारी एक ठरलेली व्यक्ती, चोवीस तास फोन, आणि मध्यम किंवा तीव्र आजारात घरच्यांना उसंत मिळावी म्हणून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सोय. अट अशी, की मूळ मेडिकेअर (ए आणि बी दोन्ही) हवं. अ‍ॅडव्हान्टेज (खासगी कंपन्यांमार्फतचे) प्लॅनवाले, हॉस्पिसमधले (अखेरच्या टप्प्यातली सेवा घेणारे) आणि नर्सिंग होममध्ये कायम राहणारे यात बसत नाहीत. ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांना ६५ पूर्ण आणि सलग ५ वर्षं वास्तव्य झाल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं. त्याआधी निदान झालं तर या सगळ्यातलं काहीच लागू नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला पात्र दुभाषा मोफत द्यावा लागतो. घरच्यांनी दुभाष्याचं काम करू नये. मुलगी शेजारी बसली की ‘आई, अगं मंगळवार ना!’ असं नकळत निघून जातं आणि दोन गुण वाढतात. उलटही होतं. तारीख विचारल्यावर आजी ‘वद्य पंचमी, भाद्रपद’ म्हणतात, दुभाषा ‘चुकलं’ म्हणतो. तिथी बरोबर असेल तर दिशाभान शाबूत आहे हे त्याला कळायला हवं. घड्याळ काढायला सांगितलं आणि हातात पेन धरायची सवयच नसेल तर मिनी-कॉग या छोट्या स्मृतिचाचणीचे दोन गुण शिक्षणामुळे जातात, आजारामुळे नाही. अशा वेळी गुणांपेक्षा घरच्यांना विचारलेले प्रश्न जास्त सांगून जातात: पोळ्यांचं पीठ मळताना अंदाज चुकतो का, फोनवरून स्वतः नंबर लावतात का, औषधं कोण काढून देतं.

टळटळीत_दुपार

अवांतर: भारतात असा काही कायदा आहे का? की नेहमीप्रमाणे ‘धोरण विचाराधीन’?

नागझिरा

अवांतर नाही, धाग्याच्या मथळ्यातच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम ३१ च्या दुसऱ्या उपकलमात शासनाने सरकारी आरोग्य संस्थांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक आरोग्य सेवेचं प्रशिक्षण ‘किमान’ द्यावं असं म्हटलंय. त्यात डिमेन्शियाचं नाव नाही. पण त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती यांच्यासोबत दिशाभान आणि स्मृतीही आहे. म्हणजे तरतूद आहे, अभ्यासक्रमात विषय घालायचा राहिलाय. देशात साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख डिमेन्शियाग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक मानसोपचारतज्ज्ञापर्यंत कधीच पोचत नाहीत. पोचले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचतात.

पहिली पायरी तयार आहे. आशाताई जो समुदाय तपासणी फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांसाठी ‘जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का’ असा प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ आलं की पुढे काय, हे केंद्रातल्या डॉक्टरला शिकवलेलं नसेल तर तो फॉर्म फायलीत जातो. लोक अजून ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात, आणि डॉक्टरही ‘वयोमानाने’ लिहितो.

आणि शिकवायला वर्षं लागत नाहीत, याचा दाखला गोव्यातला आहे. तिसवाडी आणि बारदेश तालुक्यांत ८१ कुटुंबांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, डॉक्टर-नर्स नसलेल्या गृहभेट सल्लागारांना आठवडाभर प्रशिक्षण दिलं. पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ. सहा महिने किमान पंधरवड्याला एक भेट. काळजी घेणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. आठवड्याच्या प्रशिक्षणाने नव्हे, तर मागे सतत कोणीतरी होतं म्हणून. रानजाईंनी वर सांगितलेला समन्वयक तो हाच.

पाणवठा (धागाकर्ता)

नागझिरा, माझ्या जिल्ह्यात ३१ खाली खरंच प्रशिक्षण झालं का, हे कसं काढायचं?

नागझिरा

माहितीच्या अधिकारात. दोन अर्ज करा, कारण वाटणी दोन ठिकाणी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. एकाच कार्यालयाला अर्ज गेला की अर्धी माहिती ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून येते. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायला हवा, पण वाट बघू नका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रस्तावना लिहू नका. विचारायचं एवढंच: गेल्या तीन आर्थिक वर्षांत कलम ३१(२) खाली किती वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, मंजूर पदं किती, प्रशिक्षण किती दिवसांचं, वेळापत्रकाची प्रत, आणि त्यावर झालेला खर्च. ‘डिमेन्शिया शिकवला का’ असं विचारलं तर ‘होय’ असं एका शब्दात उत्तर येईल. वेळापत्रकाची प्रत मागा, त्यात किती मिनिटं दिली ते दिसतं.